समान प्रतिमान, सीमित निष्कर्ष : कृष्णद्रव्याच्या शोधासाठी अ‍ॅटलास व सीएमएस प्रयोगांनी स्वीकारलेल्या सामायिक प्रतिमानांची चिकित्सा

बीजसंज्ञा : कृष्णद्रव्य, सरलीकृत प्रतिमान, मध्यस्थ कण, प्राचल, लार्ज हॅड्रॉन कोलायडर

प्रस्तावना :

विश्वातील एकूण ऊर्जेपैकी सुमारे ५ टक्के वाटा परिचित द्रव्याचा असून त्याच्या पाचपटीहून अधिक वाटा कृष्णद्रव्याचा आहे. फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ मध्ये कोमा दीर्घिकासमूहाच्या अभ्यासातून या अदृश्य वस्तुमानाकडे लक्ष वेधले. पुढे व्हेरा रुबिन यांच्या दीर्घिकांच्या परिवलनावरील निरीक्षणांनी त्यास बळकटी दिली. तथापि हे द्रव्य कोणत्या कणांचे बनले आहे, हा प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे. जिनिव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेत अ‍ॅटलास व सीएमएस हे दोन प्रयोग या प्रश्नाचा मागोवा घेत आहेत. दोन्ही प्रयोगांनी एकाच भाषेत बोलावे, यासाठी संयुक्त मंचाने २०१५ मध्ये एक अहवाल सादर केला. २०२० मध्ये तो नियतकालिकातूनही प्रसिद्ध झाला. प्रस्तुत लेखात या अहवालाचे व त्यातून रूढ झालेल्या पद्धतीचे गुणदोषविवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

पार्श्वभूमी :

कृष्णद्रव्याचा कण शोधकयंत्रात कोणतीही खूण ठेवत नाही. प्रोटॉनांच्या टकरीत असे कण निर्माण झालेच, तर ते निसटून जातील आणि त्यांच्या विरुद्ध दिशेला उसळलेला कणांचा झोत, म्हणजे जेट, तेवढा मागे राहील. संवेगाचा हिशेब जुळत नाही, यावरूनच अदृश्य कणाचे अनुमान करावयाचे. मात्र न्यूट्रिनोही असेच निसटतात. म्हणून त्यांचा वाटा काटेकोरपणे वजा करणे हे या शोधातील खरे कष्टाचे काम होय.

७ व ८ टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या पहिल्या पर्वात निष्कर्ष मांडण्यासाठी मुख्यतः प्रभावी क्षेत्र सिद्धान्ताचा आधार घेतला गेला. त्यात आंतरक्रिया घडवून आणणारा मध्यस्थ कण अतिशय जड मानून हिशेबातून वगळला जातो. परंतु टकरीतील संवेग-विनिमय मध्यस्थाच्या वस्तुमानाइतका झाला की हे गृहीतकच ढासळते. १३ टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे दुसरे पर्व २०१५ मध्ये सुरू होत असताना नव्या चौकटीची निकड त्यामुळेच भासली.

अहवालाचे योगदान :

अहवालाने मध्यस्थ कणाला पुन्हा हिशेबात आणले. या सरलीकृत प्रतिमानांत चारच प्रमुख प्राचले आहेत : मध्यस्थाचे वस्तुमान, कृष्णद्रव्य-कणाचे वस्तुमान आणि मध्यस्थाची क्वार्कशी व कृष्णद्रव्याशी असलेली दोन युग्मने. सदिश व अक्षीय-सदिश मध्यस्थांसाठी क्वार्क-युग्मन ०.२५ व कृष्णद्रव्य-युग्मन १ असे ठरविण्यात आले. संगणकीय अनुकरण कसे करावे व अनिश्चितता कशी मोजावी, याविषयीही शिफारशी दिल्या आहेत.

याचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. प्रत्येक दुकानदाराचे माप वेगळे असेल तर भावाची तुलना व्यर्थ ठरते. दोन प्रयोगांचे निष्कर्ष आज शेजारी ठेवून पाहता येतात, याचे श्रेय या सामायिक मापाला द्यावे लागेल.

चिकित्सा :

मात्र माप आणि मोजली जाणारी वस्तू यांत गल्लत होऊ लागली की अडचण निर्माण होते. ०.२५ हा आकडा निसर्गाने दिलेला नाही. तो सोयीसाठी निवडलेला आहे. क्वार्क-युग्मन ०.१ घेतले, तर मध्यस्थाच्या निर्मितीचा दर सहापटीहून अधिक घटतो. म्हणजेच आलेखावर ‘वर्जित’ म्हणून रंगविलेल्या प्रदेशाचा मोठा भाग पुन्हा मोकळा होऊ शकतो. नंतरच्या कार्यगटाने ०.१ हे मूल्य व लेप्टॉन-युग्मने असलेले पर्यायही सुचविले, ही स्वागतार्ह दुरुस्ती होय.

दुसरा मुद्दा तुलनेचा आहे. भूमिगत प्रयोगांच्या मर्यादांशेजारी कोलायडरची रेषा काढली की एक पद्धत दुसरीवर मात करते असा आभास होतो. अक्षीय-सदिश मध्यस्थासाठी कोलायडर पुष्कळदा सरस दिसतो, तर सदिश मध्यस्थासाठी अगदी हलके कण वगळता भूमिगत प्रयोग आघाडीवर राहतात. हा क्रम गृहीत धरलेल्या युग्मनांवर अवलंबून आहे. कोलायडरची रेषा विशिष्ट प्रतिमानापुरतीच खरी आहे, ही अट २०१६ च्या शिफारशींत आहे. परंतु आलेख व्याख्यानात वा पाठ्यसाहित्यात शिरला की अट मागे राहते आणि रेषा तेवढी पुढे जाते.

तिसरी मर्यादा सैद्धान्तिक आहे. सरलीकृत प्रतिमाने स्वयंपूर्ण नाहीत. अक्षीय-सदिश प्रतिमान उच्च ऊर्जेला संभाव्यतेच्या मूलभूत नियमांशी विसंगत ठरते. त्यामुळेच पुढे दोन हिग्ज द्विके व एक छद्म-अदिश मध्यस्थ असलेले अधिक सुसंगत प्रतिमान स्वीकारण्यात आले. शिवाय जो मध्यस्थ क्वार्कांपासून जन्मतो, तो क्वार्कांतही विघटित होतो. म्हणून ०.२५ या मूल्यासाठी दोन जेटांच्या शोधानेच प्राचलांचा मोठा प्रदेश व्यापला जातो. अदृश्याचा शोध दृश्याच्या वाटेने अधिक पुढे जावा, हा या प्रतिमानाचाच गुणधर्म आहे. तो निसर्गाचा मानता येणार नाही.

निष्कर्ष :

सामायिक प्रतिमाने आवश्यक आहेत. परंतु त्यांना शोधाची सीमा मानणे घातक ठरेल. दीर्घायुषी कणांसारख्या शक्यता या चौकटीबाहेर राहतात. प्रयोगांनी मूळ विदा व संभाव्यता-फलने खुली केल्यास इतरांना आपापली प्रतिमाने तपासता येतील. अ‍ॅटलासने २०१९ पासून या दिशेने टाकलेले पाऊल अनुकरणीय आहे. कोलायडरमध्ये अदृश्य कण आढळला तरी तो विश्वाच्या वयाइतका टिकतो हे तेथे सिद्ध होणार नाही. तो क्षणार्धात यंत्राबाहेर जातो. त्यासाठी खगोलीय व भूमिगत पुरावा लागेलच. हा आलेख शिकविताना अध्यापकांनी रेषेआधी तिच्यामागील गृहीतके सांगावीत. तसे न झाल्यास ‘या प्रतिमानात आढळले नाही’ या विधानाचे ‘अस्तित्वात नाही’ असे रूपांतर व्हायला वेळ लागत नाही.