विजेच्या आघातानंतर उरलेले सामर्थ्य : एका चाचणीपद्धतीची चिकित्सा

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यात तग धरून राहिलेल्या घरांविषयी मुख्य प्रश्न एकच होता : भिंतीत बळ किती उरले? विमानाच्या कर्बतंतूयुक्त संमिश्र भागावर वीज पडते, तेव्हाही प्रश्न हाच असतो.

उत्तरासाठी बहुधा आघातोत्तर संपीडन चाचणीचा आधार घेतला जातो. १५० × १०० मिलिमीटर आकाराची पट्टी दाबून ती कोणत्या भाराला मोडते हे पाहिले जाते. मुळात ही पद्धत वजन पडून झालेल्या इजेसाठी आहे. तीत इजा मर्यादित क्षेत्रात राहते असे गृहीत असते. विजेची इजा वेगळी असते. राळ जळते, पृष्ठभागावरील तंतू तुटतात, थर सुटतात. आणि प्रवाह तंतूंच्या दिशेने अधिक सुलभ वाहत असल्याने इजा त्याच दिशेने लांबते. ती पट्टीच्या कडेपर्यंत पोहोचली, तर मिळणारा आकडा पदार्थाइतकाच पट्टीच्या आकाराचाही असतो.

शिवाय संपीडनात राळेचा आधार निर्णायक, तर ताणात तंतूंचा. उड्डाणात पंखाची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. एकाच चाचणीवरून दोन्हींचा निर्वाळा देणे शास्त्रीय ठरत नाही.

नांदेड-लातूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील अभ्यासकांनीही असे निष्कर्ष स्वीकारताना पट्टीचा आकार, थरांची रचना, प्रवाहाचे स्वरूप व श्राव्यातीत तपासणीचा नकाशा यांची मागणी करावी. त्यांवाचून दिलेला आकडा प्रवाशांच्या जिवाची हमी देऊ शकत नाही.