लायन

ऑस्ट्रेलियन दिग्दर्शक गार्थ डेव्हिस ह्याचा चरित्रात्मक चित्रपट (२०१६). सरू ब्रायर्ली ह्याच्या अ लाँग वे होम (२०१३) ह्या आत्मकथनावर तो आधारलेला असून पटकथा ल्यूक डेव्हिस ह्याची आहे.

मध्य प्रदेशातील खांडवा येथील गरीब वस्तीत राहणारा पाच वर्षांचा सरू थोरला भाऊ गुड्डू ह्याच्याबरोबर एका रेल्वेस्थानकावर जातो, तेथे उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीत झोपी जातो आणि सुमारे दीड हजार किमी. दूर कलकत्त्यास (आता कोलकाता) पोहोचतो. ही घटना १९८६ मधील. काही काळ रस्त्यावर व पुढे अनाथगृहात काढल्यानंतर, १९८७ मध्ये त्याला टास्मानियातील एक दांपत्य दत्तक घेते. तरुणपणी जिलेबी पाहून त्याच्या पूर्वस्मृती चाळवतात व ‘गूगल अर्थ’ ह्या संगणकीय नकाशाच्या साहाय्याने तो आपले गाव शोधून काढतो. २०१२ मध्ये त्याची आईशी भेट होते. गुड्डू मात्र ताटातुटीच्या त्याच रात्री रेल्वेखाली सापडून मरण पावलेला असतो.

हरवलेले मूल पुन्हा आईला भेटणे हा लोककथांचा जुना विषय. डेव्हिसने त्याला वेगळे परिमाण दिले आहे. मुलाला गावाचे नाव ठाऊक असते. परंतु गणेश तलाई ह्या वस्तीचे नाव त्याच्या बोबड्या उच्चारात असे रूप घेते, की ते कोणालाच ओळखता येत नाही. शिवाय तो हिंदी बोलतो आणि भोवतालची माणसे बंगाली. घरापासूनचे अंतर अशा रीतीने भाषेचेही ठरते. पंचवीस वर्षांनी आई समोर उभी राहते, तेव्हा तिच्याशी बोलण्यास त्याला दुभाषा लागतो. स्वतःचे नावही आपण चुकीचे उच्चारत होतो, ते मूळचे ‘शेरू’, म्हणजे सिंह, हे त्याला अखेरीस कळते. शीर्षकाचा हा उलगडा चित्रपटाच्या आशयाचे सूत्रच होय.

ग्रेग फ्रेझर ह्याचे छायाचित्रण ह्याच सूत्राला पूरक आहे. कलकत्त्याची दृश्ये लहान मुलाच्या उंचीवरून, तर भूप्रदेश आकाशातून टिपला आहे. शोधाच्या अंतिम क्षणी पायवाटांची स्मृती आणि उपग्रहाचे चित्र एकमेकांत मिसळतात.

पूर्वार्ध अल्पसंवादी व प्रत्ययकारी आहे. मुंबईच्या सनी पवारचा बालसरू कोठेही करुणेची याचना करीत नाही, म्हणूनच तो मनाला भिडतो. उत्तरार्ध मात्र रेंगाळतो : संगणकापुढील शोधात नाट्य कमी आहे, प्रेयसीची व्यक्तिरेखा पुसट राहते आणि दत्तक भाऊ मंतोष ह्याची वेदना केवळ सूचित होते. देव पटेल ह्याचा संयत अभिनय व निकोल किडमनने साकारलेली दत्तक माता ह्यांमुळे तो सावरला जातो. जन्मदात्री आणि पालनकर्ती ह्यांत चित्रपट स्पर्धा लावीत नाही, हा त्याचा मोठा गुण होय.

चित्रपटास ऑस्करची सहा नामांकने, तसेच देव पटेल व ल्यूक डेव्हिस ह्यांना बाफ्टा पारितोषिके मिळाली.

भारतात दरवर्षी ८०,००० हून अधिक मुले हरवतात, असे चित्रपटाच्या शेवटी नमूद केले आहे. अनाथगृहात मागे राहिलेल्या मुलांकडे मात्र कथा पुन्हा वळत नाही. एकाच्या भाग्यातून मिळणारे समाधान इतरांच्या दैवाचे उत्तर ठरत नाही. ही जाणीव चित्रपट देतो, पण तिच्यापाशी थांबत नाही, ही त्याची मर्यादा होय.