‘एन.डी.एम.-१’ : नाम आणि प्रमाण

प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जीवाणूंविषयी कुमारस्वामी, वॉल्श प्रभृतींचा लेख २०१० साली ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीझेस’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावरून भारतात वाद माजला, तो मुख्यतः एका नावाचा. लेखातील प्रमाणांची चिकित्सा त्या मानाने उपेक्षितच राहिली.

हे नाव त्या लेखाने घडविलेले नव्हे. दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या जीवाणूत हे विकर आढळले, आणि २००९ च्या निबंधात त्यास ‘न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेझ’ ही संज्ञा मिळाली. शहराचे नाव देण्याची प्रथाही जुनी, ‘व्ही.आय.एम.’मध्ये व्हेरोना आहे, ‘एस.पी.एम.’मध्ये साव पावलो. दिल्लीचाच अधिक्षेप झाला, हा आक्षेप म्हणून टिकत नाही. तथापि प्रथा जुनी म्हणून ती निर्दोष ठरत नाही. असे नाव प्रथम आढळाशी निगडित असते. वाचक मात्र त्यातून उगमस्थान वाचतो.

लेखाचे खरे बळ त्याच्या जनुकीय विश्लेषणात आहे. हरियाणातील २६ नमुने एकाच कुळातील निघाले व त्यांची प्लाझ्मिडे संयुग्मनाने दुसऱ्या जीवाणूत जात नव्हती. उलट चेन्नईचे ४४ आणि ब्रिटनचे ३७ नमुने भिन्न कुळांचे, आणि त्यांची प्लाझ्मिडे सहज संक्रमित होणारी. भाषाशास्त्राच्या परिभाषेत पहिला प्रकार वारशाचा, दुसरा उसनवारीचा. मराठीत फारसी शब्द आहेत म्हणून ती फारसीची कन्या ठरत नाही. तद्वत् समान जनुक आढळले म्हणून जीवाणूंचे कुळ एक ठरत नाही.

हा भेद केवळ तात्त्विक नव्हे. एकच कूळ फैलावत असेल, तर रुग्णालयातील स्वच्छता व विलगीकरण हा मुख्य उपाय होय. जनुकच कुळाकुळांतून संचार करीत असेल, तर सांडपाणी, पिण्याचे पाणी आणि औषधांचा स्वैर वापर ह्यांकडेही वळावे लागते. लेखकांनी हा भेद नोंदविला, परंतु अखेरीस दोन्ही प्रकार एकाच इशाऱ्याखाली आणले, हे त्या लेखाचे वैगुण्य होय.

जानेवारी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’चे संपादक रिचर्ड हॉर्टन ह्यांनी नावाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. त्याच वर्षी वॉल्श व सहकाऱ्यांनी दिल्लीतील पिण्याच्या पाण्याच्या ५० पैकी २ व साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत हे जनुक दाखविले. दिलगिरीने नावाचा प्रश्न मिटला असे मानले, तरी पाण्याचा प्रश्न तिने मिटला नाही.