समासातले अनेकवचन

इंग्रजीत ‘मार्जिनेलिया’ हा शब्द अनेकवचनातच भेटतो: पानाच्या कडेला वाचकाने लिहिलेल्या नोंदी. कोलरिजने १८१९ साली तो रूढ केला. त्याच काळात तंजावरला दुसरे सरफोजीराजे (१७७७–१८३२) युरोपीय ग्रंथ जमवत होते. सरस्वती महालातल्या त्या पुष्कळ ग्रंथांवर त्यांची सही आहे. त्या सहीला मार्जिनेलिया म्हणण्याचा मोह होतो, पण मला ते पटत नाही. सहीवरून ग्रंथ कोणाचा ते कळते, तो कसा वाचला ते कळत नाही. वाचणारा ठिकठिकाणी थांबतो, शंका घेतो, म्हणून नोंदी अनेक होतात. या शब्दाला अनेकवचन शोभते ते त्यामुळेच. मराठीत त्यांना मी समासटीपा म्हणेन. समास म्हणजे कोरी कड, तसाच पदांचा मिलाफही. इथे तो लेखक-वाचकाचा होतो.