चित्रकथांतील अपशब्द आणि वयोमर्यादा

शिवी शब्दात वसते की बोलणाऱ्यांच्या परस्परसंबंधात, या प्रश्नाचा निर्णय झाल्यावाचून चित्रकथांची वयोगटवार प्रतवारी करणे तर्कदुष्ट होय. अमेरिकन प्रकाशकांनी १९५४ साली स्वीकारलेल्या 'कॉमिक्स कोड'ने असभ्य व अश्लील शब्द निषिद्ध ठरविले. २०११ साली ही संहिता लोपली. तत्पूर्वीच काही प्रकाशकांनी स्वतःचे वयोगटदर्शक शिक्के योजिले होते. तथापि 'शब्द मोजावेत' ही दृष्टी शिल्लक राहिली.

या दृष्टीची मर्यादा दोन उदाहरणांनी स्पष्ट होते. बेल्जियन चित्रकथाकार एर्झे यांचा कॅप्टन हॅडॉक १९४१ साली अवतरला. वाक्यरचनेच्या एका दोषाचे 'अनाकोल्यूत' हे व्याकरणातील नावही तो शिवीसारखे फेकतो. शब्द निरुपद्रवी, पण त्यांतील संताप अस्सल. आणि तरीही ही कथा बालवाचकांचीच.

जपानी भाषेत याच्या उलट घडते. 'किसामा' हे एके काळी आदरार्थी असलेले सर्वनाम आज तुच्छतादर्शक झाले आहे. 'अहो'वरून 'अरे'वर येण्यातील अधिक्षेप जाणणाऱ्या मराठी वाचकास हे सहज उमगेल. इंग्रजीत असा सर्वनामभेद नसल्याने अनुवादक पुष्कळदा तेथे सरळ शिवीच घालतो. मग वयोमर्यादेचा शिक्का बसतो तो मूळ कृतीवर नव्हे, तर अनुवादकाने निवडलेल्या शब्दावर.

शब्दांची यादी परीक्षकास सोयीची असते, हे खरे. परंतु भाषांतरित कृतीचे मूल्यमापन करताना शब्दाआधी प्रसंग व पात्रसंबंध पाहिले पाहिजेत. अन्यथा निर्णय साहित्याचा न होता केवळ कोशाचा होईल.