औंधची चित्रे आणि आटपाडीचा तराळ

औंधला सहल न्यायची ठरली तेव्हा वैरागातल्याच एका कार्यकर्त्या मित्राने विचारले, "गुरुजी, राजाची दौलत बघायला आपली पोरं कशाला?" प्रश्न उडवून लावण्याजोगा नव्हता. तरी पंढरपूर, म्हसवड, दहिवडी असे करीत आम्ही गेलो. खाली यमाईचे देऊळ आणि राजवाडा, वर टेकडीवर श्रीभवानी संग्रहालय. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ते 1938 साली उभारले. राजा स्वतः चित्रकार होता. रामायणावर त्याने चित्रमालिका काढली. रविवर्मा आणि धुरंधर यांची चित्रे त्याने गोळा केली, आणि हेन्री मूरचे माय-लेकराचे दगडी शिल्पही या आडगावात आणून ठेवले. अशी नजर असलेले संस्थानिक फार नव्हते, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. 1939 साली याच राजाने राज्यकारभार प्रजेच्या हाती देणारी घटना जाहीर केली, तीमागे गांधीजींचा सल्ला होता. प्रस्थापित समीक्षक एवढे सांगतात आणि थांबतात.

मूरच्या शिल्पापुढे आमची मुले फार वेळ उभी राहिली नाहीत. मात्र मोठमोठ्या चौकटींकडे बघत नववीतल्या एका मुलीने विचारले, "एवढं जड सामान टेकडीवर कुणी चढवलं असेल?" चित्राखालच्या पाटीवर चित्रकार असतो, विषय असतो. वाहणारा नसतो. कलेचा इतिहास आपल्याकडे असाच लिहिला गेला आहे.

या प्रश्नाचे उत्तर संग्रहालयात शोधून उपयोग नाही, ते शंकरराव खरातांच्या 'तराळ-अंतराळ' मध्ये शोधले पाहिजे. खरात 1921 साली आटपाडीत जन्मले, आणि आटपाडी औंध संस्थानातच होती. बाप गावचा तराळ. तराळाने हातात काठी घेऊन सरकारी टपाल पोचवायचे, अंमलदार आला की त्याच्यापुढे धावायचे, मयताचा सांगावा उन्हापावसात परगावी न्यायचा, आणि बदल्यात दारोदार भाकरी मागायची. टेकडीवर चित्रे लागली तेव्हा या तराळाचा पोर सोळा-सतरा वर्षांचा होता. तो औंधच्याच हायस्कुलात शिकला. म्हणजे राजाने शाळेचे दार उघडले होते, हेही खरे. पण शाळेचे दार उघडल्याने बापाच्या हातातली काठी सुटली नाही. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 सालीच मुंबई कौन्सिलात बिल आणले होते. वतने रद्द करणारा कायदा व्हायला 1958 साल उजाडले. तोवर औंध संस्थान विलीन होऊन दहा वर्षे झाली होती.

'तराळ-अंतराळ'कडे आपण बहुधा दलित आत्मकथनांच्या यादीतले एक पुस्तक म्हणून बघतो, परीक्षेत टिपा लिहितो. माझे म्हणणे असे की ते औंधच्या संग्रहाचेच दुसरे दालन आहे. राजाच्या रामायणात रंग आहेत, देखणेपणा आहे. खरातांच्या गद्यात देखणेपणा कमी, कुठे कुठे ते सपाटही होते. पण ज्या रस्त्यांनी ते सारे वैभव औंधला पोचले त्या रस्त्यांवरची धूळ त्यातच आहे. एक बघून दुसरे न वाचणारा रसिक अर्धा आंधळा, आणि दुसरे वाचून पहिल्याकडे पाठ फिरवणारा आमचा मित्रही तसाच.

त्या मित्रासाठी आणखी एक गोष्ट. या राजाने चित्रकारांना घेऊन अजिंठा गाठला, तिथल्या चित्रांच्या नकला करवल्या, 1932 साली अजिंठ्यावर इंग्रजीत पुस्तक काढले. त्याला ती जुनी, थोर कला वाटली. 1956 नंतर आपल्याला ती आपल्या शास्त्याच्या घरातली भिंत वाटते. चित्र तेच, बघणारा बदलला. मग बघण्याचा हक्क आपणच का सोडायचा? पुढच्या खेपेस आटपाडीवरूनच जायचे, असे मी ठरवले आहे.

परतताना दहिवडीच्या स्टँडवर त्याच मुलीने खरातांचे पुस्तक मागितले. शाळेच्या कपाटात एकच प्रत आहे, तिचीही पाठ सुटलेली. सोमवारी शिवून दिली. आता तिच्यामागे चौघांची नावे लागली आहेत.