'अमेडिअस'मधला तो मार्च कोणाचा?

मिलोश फॉरमनचा 'अमेडिअस' (1984) मला आवडतो. मोझार्टची हस्तलिखितं चाळताना सालिएरीच्या कानात संगीत वाजू लागतं, हा प्रसंग तर नुसतं स्वरलेखन वाचण्यातला थरार दाखवतो. पण तुम्ही रिसर्चच्या वाटेवर असाल तर सिनेमा एकदा पुरावे तपासत बघा.

दरबारातला प्रसंग घ्या. सालिएरीने स्वागतासाठी एक मार्च लिहिलाय, सम्राट जोसेफ तो स्वतः अडखळत वाजवतो. मोझार्ट एकदाच ऐकतो, वाद्यावर बसतो, सुधारणा करत जातो आणि त्यातून 'फिगारो'मधली प्रसिद्ध चाल निघते. आपण हसतो. सालिएरी सामान्य, सिद्ध झालं! गंमत म्हणजे तो मार्च सालिएरीचा नाहीच. मोझार्टचीच चाल बाळबोध करून सिनेमासाठी बेतलेली आहे. निष्कर्ष आधी, डेटा नंतर. आपल्या गाइडने असा आलेख पाहिला असता तर?

कागदपत्रं वेगळंच बोलतात. 1789 च्या एका पत्रात मोझार्ट सालिएरीच्या कारस्थानांबद्दल कुरकुरतो, हे खरं. पण त्यावरून मोझार्टचा संशय कळतो, कारस्थान सिद्ध होत नाही. (मुलाखती घेऊन काम करणाऱ्यांनी हा फरक जपावा.) 14 ऑक्टोबर 1791 च्या पत्रात तोच बायकोला खुशीत कळवतो, की सालिएरीला 'मॅजिक फ्लूट' दाखवायला नेलं आणि त्याने प्रत्येक तुकड्याला दाद दिली. सात आठवड्यांनी मोझार्ट गेला. पुढे त्याच्या धाकट्या मुलाला सालिएरीने शिकवलं. 1785 मध्ये दोघांनी मिळून एक छोटी कँटाटा रचली होती. हरवली असं समजलं जायचं, ती 2015 मध्ये प्रागच्या संग्रहालयात सापडली.

विषप्रयोगाची अफवा सालिएरीच्या म्हातारपणी पसरली. 1830 मध्ये पुश्किनने त्यावर नाटिका लिहिली, रिम्स्की-कोर्साकोव्हने तिचा ऑपेरा केला, 1979 मध्ये पीटर शॅफरचं नाटक आलं. प्रत्येकाने आधीच्याकडून उचललं, अभिलेखागारापर्यंत परत जायची गरज कोणाला नव्हती.

सिनेमाचे चाहते म्हणतील, ही एका भ्रमिष्ट म्हाताऱ्याची आठवण आहे, इतिहास नव्हे. अर्धं मान्य. पण प्रेक्षक थिएटरबाहेर येतो तो ती बेतलेली चाल कानात घेऊन, आणि तिच्यावर नाव असतं सालिएरीचं. खरा सालिएरीही सिनेमात आहे: त्याच्या 'अक्सुर' या ऑपेराचा शेवट. पुढच्या वेळी तिथे आवाज वाढवा.